मर्देका

मर्देका : (मलय व इंडोनेशियन) स्वतंत्र, स्वातंत्र्य. ‘महर्द्धिक’ या संस्कृत विशेषणापासून आलेला आग्नेय आशियातील शब्द. इंडोनेशिया व मलेशियात तो आज राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा वाचक आहे. डच वसाहतीत ‘मार्डाइकर’ या रूपाने तो एका क्रिओलभाषक (भाषासंपर्कातून घडलेली मिश्रभाषा बोलणाऱ्या) समाजाचे नाव झाला, तर फिलिपीन्समध्ये ‘महार्लिका’ या रूपाने आधी एका सामाजिक वर्गाचे व पुढे कुलीनतेचे.

व्युत्पत्ती : महा + ऋद्धि = महर्द्धि; त्याला ‘क’ प्रत्यय लागून महर्द्धिक. मराठीतील ‘ऋद्धि-सिद्धी’ या जोडीतली ऋद्धी ती हीच. संस्कृतात या शब्दाचा अर्थ अतिशय समृद्ध, सामर्थ्यवान असा आहे. पाली ग्रंथांत ‘महिद्धिक’ हे रूप ‘महानुभाव’ या विशेषणाच्या जोडीने येते आणि अलौकिक सामर्थ्य असलेल्या देवांना, नागांना व भिक्षूंना लागते. दास्य किंवा सुटका यांचा मूळ अर्थाशी काही संबंध नाही.

जावा व मलय प्रदेश : प्राचीन जावानी भाषेत हा शब्द श्रेष्ठ, ज्ञानी व पूज्य व्यक्तींसाठी वापरला जाई. सामर्थ्याकडून स्वातंत्र्याकडे झालेल्या प्रवासाचा दुवा ‘पर्दिकन’ या त्याच कुळातील जावानी शब्दात सापडतो. पर्दिकन म्हणजे एक प्रकारची इनाम गावे. तेथील रहिवाशांनी पवित्र थडगी, मशिदी किंवा धर्मशिक्षणाची ठिकाणे सांभाळायची आणि त्याबदल्यात त्यांना सारा व वेठ माफ असायची. पूज्य असणे आणि देण्यातून मोकळे असणे या दोन गोष्टी अशा व्यवस्थेत एकत्र नांदल्या व हळूहळू दुसरा अर्थ वरचढ झाला असावा. मलाक्का सल्तनतीच्या कायद्यांत ‘मर्देहेका’ म्हणजे स्वतंत्र माणूस आणि ‘हंबा’ म्हणजे गुलाम असा स्पष्ट भेद आहे. गुलामाला मुक्त करणे या अर्थाचे मलय क्रियापदही याच शब्दापासून बनले.

मार्डाइकर : डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये बटाव्हिया (आजचे जकार्ता) वसवले. पोर्तुगीज ठाण्यांवरून व जहाजांवरून पकडलेले अनेक गुलाम तेथे आणले गेले. त्यांत मलबार, कोरोमंडल व बंगालच्या किनाऱ्यांवरचे लोक बरेच होते. मुक्तता मिळालेल्या या ख्रिस्ती लोकांना डचांनी मलय शब्दावरून ‘मार्डाइकर’ म्हटले. त्यांची नावे पोर्तुगीज होती आणि बोली पोर्तुगीज-आधारित क्रिओल. कंपनीच्या सैन्यात त्यांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. जकार्ताच्या उत्तर भागातील तुगू येथे त्यांची वस्ती टिकली. तिथल्या क्रिओलची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूगो शुखार्ट या भाषाशास्त्रज्ञाने केली. विसाव्या शतकात ही बोली लोपली. तुगूचे क्रोंचोंग संगीत मात्र अजून वाजते. रायगड जिल्ह्यातील कोर्लईची क्रिओल बोली याच पोर्तुगीज-आधारित भाषापरिवारातली असून ती आजही बोलली जाते.

फिलिपीन्स : मोलुक्का बेटांवरील तेर्नाते येथे स्पॅनिशांच्या बाजूने असलेल्या ख्रिस्ती समूहाला ‘मेर्दिका’ म्हणत. स्पॅनिशांनी १६६३ च्या सुमारास ती बेटे सोडली, तेव्हा यांतील काही कुटुंबे मनिला उपसागराच्या काठी आली व कावीते प्रांतात वसली. त्या गावालाही तेर्नाते हेच नाव पडले. तेथे स्पॅनिश-आधारित चाबाकानो ही क्रिओल आजही बोलतात. मेर्दिकांनी आणलेल्या पोर्तुगीज मिश्रबोलीतून चाबाकानो उगम पावली, असे एक मत आहे. ते सर्वमान्य नाही.

तागालोग भाषेत मात्र हा शब्द आधीच रुळला होता. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १५८९ मध्ये ‘महार्लिका’ वर्गाचे वर्णन केले आहे. हे लोक जन्माने स्वतंत्र असत. ते दातूला (सरदाराला) कर देत नसत, पण युद्धात त्याच्यासोबत जात. ते राजघराण्यातले नव्हते. विसाव्या शतकात हा अर्थ मागे पडून ‘राजस, कुलीन’ असा अर्थ रूढ झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फेर्दिनांद मार्कोस यांनी आपल्या कथित युद्धकालीन गनिमी पथकाचे नाव महार्लिका असल्याचे सांगितले व या अर्थाला राजकीय वलय दिले. १९७८ मध्ये देशाचेच नाव महार्लिका करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. तो संमत झाला नाही.

राष्ट्रीय घोषणा : १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने ‘कमर्देकाआन’ (स्वातंत्र्य) जाहीर केले आणि पुढील लढ्यात ‘मर्देका!’ हे लोकांचे अभिवादन बनले. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी, मलाया स्वतंत्र झाला तेव्हा, क्वालालंपूरच्या मर्देका स्टेडियममध्ये पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ही घोषणा सात वेळा दिली. भारतीय फुटबॉलप्रेमींना हा शब्द मलेशियातील मर्देका करंडक स्पर्धेमुळे परिचित आहे.

अर्थांतराचे स्वरूप : या शब्दाचा अर्थ प्रत्येक टप्प्यावर त्याच्या विरुद्ध बाजूस कोण उभे होते यावरून ठरला. सामान्य माणूस, करदाता, गुलाम आणि शेवटी वसाहत, असे ते विरुद्ध पक्ष बदलत गेले. बटाव्हियात कंपनीच्या राज्यात जे सुटका झालेल्यांचे नाव होते, त्याच शब्दाने त्याच शहरातून पुढे डच सत्ता नाकारली गेली. इंडोनेशियात २०१९ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक धोरणालाही ‘मर्देका बेलाजार’, म्हणजे शिकण्याचे स्वातंत्र्य, असे नाव दिले गेले.