हिरव्या पेल्याचा इतिहास



गेल्या रविवारीं दुपारीं आमच्या घरीं एक लहानशी परीक्षा झाली. परीक्षक चौघे होते: मी, आमचें कुटुंब, महाविद्यालयांत शिकणारी आमची कन्या, आणि ऐंशी वर्षें उलटलेल्या आत्याबाई. परीक्षेला बसलेले पांच जण होते, आणि ते पांचही चहा होते. एक चीनमधील लुंगजिंग, दुसरा जपानी सेंचा, तिसरा फुलांचा वास दिलेला चिनी चहा, चवथा अर्ल ग्रे नांवाचा विलायती, आणि पांचवा आपल्याच देशांतील कांगडा खोऱ्यांतला हिरवा चहा. प्रत्येकाला दहांपैकीं गुण द्यावे, कारणें लिहावीं, आणि एकमेकांच्या वहींत डोकावूं नये, असा नियम ठरला होता.

पहिल्या फेरींत लुंगजिंग नापास झाला. सवयीप्रमाणें खळखळून उकळलेलें पाणी पत्तीवर ओतून आम्हीं भांडें दहा मिनिटें झांकून ठेवलें होतें. पहिला घोट घेतांच आत्याबाईंनीं पेला खालीं ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, हा चहा कीं कडुनिंबाचा काढा?" त्यांनीं शून्य गुण दिला, आम्हीं उदार होऊन दोन दिले. नंतर कन्येनें पुडीवरील सूचना वाचली. पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत निवूं द्यावें आणि पत्ती दोन-तीन मिनिटांवर भिजवूं नये, असें तींत स्पष्ट लिहिलें होतें. तसें करून पुन्हा पेले भरले. रंग फिकट पिवळसर हिरवा. वास भाजलेल्या शेंगांसारखा. चव प्रथम किंचित् तुरट आणि मागून गोड. आत्याबाईंनीं कांहीं न बोलतां वही ओढली आणि शून्याचे सहा केले. दोष पानाचा नव्हता, आमच्या किटलीचा होता. अर्धा तास आम्हीं एका निरपराध्याला शिक्षा सुनावून बसलों होतों.

हा प्रसंग एवढ्यासाठीं सांगितला, कीं चहाचा इतिहास अशाच घाईच्या निकालांनीं भरलेला आहे. सर्वांत मोठा निकाल युरोपांतील पंडितांनीं दिला. काळा चहा आणि हिरवा चहा हीं दोन निरनिराळ्या झाडांचीं पानें, असें ते समजत. सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७६२ मध्यें एका झाडाचें नांव थिआ बोहिआ आणि दुसऱ्याचें थिआ व्हिरिडिस असें ठेवून या समजुतीवर शास्त्राची मोहोर उठविली. चहा पिणारे लक्षावधि होते. पण झाड पाहिलेला मनुष्य युरोपांत विरळा. चीनच्या अंतर्भागांत परक्यांना प्रवेशच नव्हता.

हा भ्रम दूर करण्यांत रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माळ्याचा वांटा मोठा आहे. १८४३ ते १८४५ या आपल्या पहिल्या चीन-प्रवासांत त्यानें प्रत्यक्ष मळे पाहिले, आणि एकाच जातीच्या झाडापासून दोन्ही प्रकार होतात हें त्याच्या ध्यानीं आलें. भेद झाडांत नसून खुडल्यानंतरच्या क्रियेंत आहे. पान खुडून सुकूं दिलें आणि मळलें, म्हणजे त्यांतील रसाचा हवेशीं संयोग होऊन तें तांबूस-काळें होतें. कापलेलें सफरचंद काळें पडतें, तसाच हा प्रकार. खुडतांच पानाला कढईंत किंवा वाफेवर उष्णता दिली, तर ती क्रिया थांबते आणि पान हिरवें राहतें. दोहोंच्या मधला, अर्धवट थांबविलेला, तो ऊलुंग. शंभर वर्षांचा पंडिती वाद एका कढईपाशीं मिटला.

पण याच फॉर्च्युननें दुसरी एक गोष्ट पाहिली, आणि ती अधिक बोचक आहे. १८४८ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत, डोकें भादरून, शेंडी लावून आणि चिनी वेष घेऊन तो हिरव्या चहाच्या प्रांतांत शिरला. तेथें परदेशीं पाठवावयाच्या चहाला प्रशियन ब्ल्यू नांवाचा निळा रंग आणि भाजलेल्या जिप्समची पूड चोळीत असलेले मजूर त्यानें पाहिले. त्यांचे हात निळे झाले होते. त्यानें हिशेब केला, तेव्हां शंभर पौंड चहामागें अर्ध्या पौंडाहून अधिक रंग व पूड पिणाऱ्याच्या पोटांत जाते, असें निघालें. चिनी लोक स्वतः असला रंगीत चहा पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला चहा एकसारखा आणि सुंदर दिसावयास हवा, म्हणून तो रंगवावयाचा, एवढाच त्यांचा खुलासा होता. व्यापाऱ्याला दोष देणें सोपें आहे; परंतु जिभेचें काम डोळ्यांवर सोपविणाऱ्या गिऱ्हाइकालाहि त्या पापांतून सुटतां येत नाहीं.

या भेसळीचा बोभाटा हिंदुस्थानांतील काळ्या चहाच्या पथ्यावर पडला. आसामांत चहाचें झाड आपोआप वाढतें ही माहिती रॉबर्ट ब्रूसला १८२३ मध्यें सिंगफो लोकांकडून मिळाली होती. १८३४ मध्यें बेंटिंकनें चहासाठीं समिति नेमली. आणि जानेवारी १८३९ मध्यें आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्यें लिलांवांत निघाल्या. पुढें मळे वाढले. करारानें बांधून दूरदूरच्या प्रांतांतून नेलेल्या मजुरांच्या हालांवर ते वाढले, हेंहि विसरतां कामा नये. १८८०-९० या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत चीनच्या चहापेक्षां हिंदुस्थान आणि सिलोनचा चहा अधिक खपूं लागला, आणि हिरवा पेला तेथल्या मेजावरून जवळजवळ नाहींसा झाला.

दुसरा पेला सेंचाचा. बौद्ध भिक्षु एईसाई ११९१ मध्यें चीनहून जपानला परतला, तेव्हां त्यानें चहाचें बीं बरोबर आणलें असें मानतात. चहाच्या आरोग्यगुणांवर त्यानें ग्रंथहि लिहिला. त्या काळीं चीनमध्यें पानें वाफवून त्यांच्या वड्या करीत. पुढें १३९१ मध्यें मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानें नजराण्यांतील वड्यांचा चहा बंद केला, सुटीं पानें मान्य झालीं, आणि हळूहळू कढईंत भाजण्याची रीत रूढ झाली. जपाननें मात्र वाफ सोडली नाहीं. उजी प्रांतांतील नागातानी सोएन यानें १७३८ च्या सुमारास वाफवून, मळून, वाळविण्याची जी पद्धति बसविली, तींतून आजचा सेंचा निघाला. म्हणून लुंगजिंगला भाजल्याचा खमंगपणा आहे, तर सेंचाला ओल्या गवताचा आणि समुद्राच्या शेवाळाचा वास आहे. आमच्या कुटुंबानें त्याला आठ गुण दिले आणि शेऱ्यांत लिहिलें, "पालेभाजीचें वरचें पाणी, पण उत्तम पालेभाजीचें."

तिसऱ्या पेल्याचें झांकण काढतांच आत्याबाईंचा चेहरा उजळला. "हा तर मोगरा!" त्यांची परीक्षा अचूक होती. चिनी चहाला ज्या फुलाचा वास देतात, तें आपलाच मोगरा होय. हें झुडूप आपल्या बाजूच्या देशांतून फार पूर्वीं चीनमध्यें गेलें. फूचौ शहर या चहासाठीं प्रसिद्ध आहे. दिवसां कळ्या खुडतात, रात्रीं त्या उमलूं लागल्या म्हणजे तयार हिरव्या चहांत मिसळतात, आणि सकाळीं फुलें चाळून टाकतात. उत्तम प्रतीला हाच विधि अनेक रात्रीं नव्या फुलांनीं करतात. पान वास पितें. फुलें फेंकलीं जातात.

पण चहांत परका वास असावा कीं नसावा? हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. आठव्या शतकांत लू यू यानें चहावरील पहिला मोठा ग्रंथ लिहिला. कांदा, आलें, बोरें, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळलेल्या चहाला त्यानें गटारांत ओतावयाच्या पाण्याची उपमा दिली. मात्र स्वतः तो चिमूटभर मीठ घालीत असे! अकराव्या शतकांत त्साइ श्यांग या अधिकाऱ्यानें लिहिलें, कीं सम्राटाला पाठवावयाच्या चहांत थोडा कापूर मिसळतात. परंतु चहा पिकविणारे लोक स्वतः परीक्षा करतांना कसलाहि सुगंध घालीत नाहींत, कारण त्यानें पानाचा खरा वास हरपतो. घरोघर आपण रविवारीं करावी तसली परीक्षा त्या प्रांतांत तेव्हां रीतसर चाले. घुसळलेल्या चहाचा फेंस ज्याच्या पेल्यांत अगोदर ओसरे, तो हरला.

चवथ्या पेल्याला या वादांतील दुसरी बाजू मांडावी लागली. अर्ल ग्रे चहाला बर्गामोट नांवाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचें तेल लावतात. १८३० ते १८३४ पर्यंत इंग्लंडचे मुख्य प्रधान असलेल्या ग्रे यांना एका कृतज्ञ चिनी अधिकाऱ्यानें ही कृति दिली, अशी आख्यायिका दुकानदार सांगतात. परंतु ग्रे कधीं चीनला गेले नाहींत, आणि बर्गामोट हें दक्षिण इटलींतल्या कॅलाब्रियाचें फळ! कथा गाळून घेतली, तरी पेला रुचकर राहतो. कन्येनें नऊ गुण दिले. मीं पांच दिले, कारण तेलाखालीं चहा कोणता होता हें मला शेवटपर्यंत कळलें नाहीं.

पांचवा कांगड्याचा. चीनहून आणलेल्या जातीची लागवड १८४९ नंतर डॉ. जेम्सन यांच्या देखरेखीखालीं त्या खोऱ्यांत झाली. तेथला हिरवा चहा काबूल आणि मध्य आशियाकडे जात असे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपांत सुमारें वीस हजार माणसें दगावलीं, चहाचे कारखाने कोसळले, आणि बहुतेक युरोपियन मळेवाले मळे विकून गेले. लहान शेतकऱ्यांनीं तें पीक कसेंबसें जगविलें. २००५ मध्यें त्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्याची चव सौम्य आहे. कोणाच्याहि वहींत तो पहिला आला नाहीं, पण सात गुणांखालीं कोणीं उतरविला नाहीं.

आतां श्रोते विचारतील, या सर्वांत आपण कोठें? महाराष्ट्रानें चहावर वाद पुष्कळ केला. पण तो चवीचा नव्हता. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें टिळक, रानडे आदि मंडळींपुढें चहा ठेवला गेला, आणि त्यावरून प्रायश्चित्ताचें प्रकरण माजलें. चहा कोणाच्या हातचा, एवढेंच आम्हीं पाहिलें; कसा, हें विचारलें नाहीं. १९०३ मध्यें चहावर उपकर बसवून त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. पुढें स्टेशनांवर आणि बाजारांत चहा करून दाखविणारे लोक आले. १९३० च्या सुमारास आसामांत पान चिरडून त्याचे दाणे पाडणारें यंत्र निघालें. थोड्या पैशांत पुष्कळ पेले देणारा, दुधांत न हरपणारा तो दाणेदार चहा पुढें सर्वत्र पसरला. ज्याला आपण पिढीजात म्हणतों, त्या आपल्या चहाचें वय शंभर वर्षांच्या आसपास आहे.

म्हणून आलें-वेलदोड्याचा आपला पेला खोटा काय? हाच प्रश्न मीं मांडला, तेव्हां कन्येनें लू यूचा दाखला देऊन तो बाद ठरविला. मग मला सुरतेची आठवण झाली. १६३८ मध्यें तेथें आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानें रोजच्या बैठकींत चहा घेतल्याचें नमूद केलें आहे. १६८९ मध्यें इंग्लंडहून निघालेला पाद्री ओव्हिंग्टन तर लिहून गेला आहे, कीं येथें पाण्यांत ऊन मसाले उकळून घेतलेला चहा डोकेदुखी आणि पोटदुखीवर गुणकारी समजतात. लोक त्यांत खडीसाखर घालतात, आणि चोखंदळ असतात ते मुरविलेलें लिंबू.

आम्हीं सहावा पेला त्या वर्णनाप्रमाणें केला: कांगड्याची पत्ती, दोन लवंगा, खडीसाखर, आणि बरणींतलें साखरेंत मुरलेलें लिंबू, दूध नाहीं. आत्याबाईंनीं पेला संपविला, पुन्हा मागितला, आणि वहींत दहा गुण लिहिले. कारणांच्या रकान्यांत त्यांनीं एकच वाक्य लिहिलें आहे: "पहिल्याला दिलेलें शून्य मीं खोडलें आहे, हें ध्यानांत ठेवावें."