वेष आणि ताठ मान

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपल्याकडील वडीलधारी माणसे कधी कौतुकाने, तर कधी उपरोधाने उच्चारतात. माणसाची किंमत कपड्यावरून ठरू नये, हे तत्त्वतः सर्वांनाच मान्य आहे. तरीही परीक्षेला, मुलाखतीला अथवा सोयरिकीच्या बोलणीला निघताना आपला हात घडीच्या कपड्यांकडेच जातो. स्वच्छ, नीटनेटका पोशाख अंगावर चढला की चाल बदलते, आवाज स्थिरावतो. तोच मनुष्य विटका सदरा घालून आला, तर सभेत मागची जागा शोधतो. असे का व्हावे? वस्त्र माणसाला धीर देते, तो नेमका कशाने? भारी किमतीने, की आणखी कशाने?

आपल्या शहाडकरांना या प्रश्नाचे अगत्य अधिक असावयास हवे. १९५० च्या दशकात येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि गावाचे नाव धाग्याशी जोडले गेले. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा दाट द्राव करावयाचा, तो सूक्ष्म छिद्रांतून आम्लात सोडावयाचा, की त्याचा चकचकीत धागा बनतो. या धाग्याला 'कृत्रिम रेशीम' असे नाव पडले. रेशमाची झळाळी पूर्वी मोजक्या घरांत नांदत असे. ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली, हे या शोधाचे मोठेच उपकार. परंतु झळाळी स्वस्त झाली म्हणून धीरही स्वस्त झाला काय? आपल्या प्रांताचा इतिहास याचे उत्तर निराळे देतो.

प्रथम आपल्या शेजारच्या कल्याणकडे पाहू. तेथील जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच पुढे विख्यात झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी, यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. शिकण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या या मुलीभोवती रस्त्यात लोक जमत, हसत, प्रसंगी खडेही मारीत. ही हकीकत त्यांनीच २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील भाषणात सांगितली. त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या, पण तेथे साडी सोडली नाही. फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत नऊवारीने पाय उघडे राहू लागले, तेव्हा त्यांनी नेसण्याची तऱ्हा बदलून गुजराती पद्धत स्वीकारली. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली. प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. परक्या देशात त्यांनी साडी राखली ती स्वतःच्या निश्चयाने आणि तिची तऱ्हा बदलली तीही स्वतःच्याच निर्णयाने.

दुसरे उदाहरण १८८८ सालचे, पुण्याचे. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभात बडी मंडळी जरीच्या पोशाखात आली होती. महात्मा जोतीराव फुले मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले आणि या देशातील रयत खरोखर कशी राहते, हे त्यांनी राजपुत्रास सुनावले. अंगावरचे वस्त्र साधे, पण ते बुद्ध्या धारण केलेले असल्यामुळे त्याने मान खाली गेली नाही; उलट त्या वस्त्रानेच अर्धे भाषण केले.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. डिसेंबर १९२७ मध्ये कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे परिषद भरली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्य गणलेल्या स्त्रियांची आखूड लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे चांदी-कथलाचे जड दागिने ही त्यांची जात दुरूनच ओळखू यावी अशी खूण होऊन बसली होती. ही खूण पुसून टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, यास पैसा पडत नाही, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी तो उपदेश तेथल्या तेथे अमलात आणला. काही सवर्ण स्त्रियांनी नेसण्याची रीत दाखवून त्यांना साह्य केले. लुगडे तेच, विणकर तोच, किंमतही तीच. बदलली ती केवळ नेसण्याची रीत आणि तिच्याबरोबर स्त्रियांची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी!

एकीने वेष राखला, एकाने साधा वेष बुद्ध्या पत्करला, महाडच्या स्त्रियांनी जुना वेष टाकला. तिन्ही ठिकाणी मान ताठ झाली, याचे कारण एकच: निर्णय नेसणाराचा होता. दुसऱ्याने पायरी दाखविण्यासाठी अंगावर घातलेले वस्त्र भरजरी असले तरी पाठ वाकविते. शाळेचा गणवेशही दुसऱ्यानेच ठरविलेला असतो, हे खरे; पण तो श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलाला सारखाच असतो, म्हणून तो कोणाची पायरी सांगत नाही.

आता, ज्ञातिबंधुभगिनींनो, थोडे घरात डोकावू. महाडची ती खूण दुसऱ्यांनी लादली, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. आपल्या लग्नकार्यांत आहेराच्या साड्यांच्या प्रतवारीने आपण तेच करीत नाही काय? मानाच्या व्याह्यांना पैठणी आणि परिस्थितीने ओढग्रस्त असलेल्या चुलत बहिणीला 'देण्याघेण्याची' साडी! घडी उलगडण्यापूर्वीच तिला आपली पायरी कळते. पुढच्या हळदीकुंकवाला ती येत नाही. विचारले तर घरी कामे होती म्हणते. संमेलनातील रिकाम्या राहिलेल्या काही खुर्च्यांचे कारण हेच आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. घरच्या कार्यात आहेर द्यावयाचाच, तर सर्वांना एकाच प्रतीचा द्यावा. साडी साधी असली तरी चालेल. मुलींनी साडी नेसावी की अन्य पोशाख करावा, हे त्यांच्यावर सोपवावे. आणि संमेलनात कोणाच्या कपड्यावर शेरा मारण्याचा मोह आवरावा. शहाडच्या धाग्याने रेशमाची झळाळी घरोघरी पोहोचविली. मानाची झळाळी पोहोचविण्याचे काम मात्र कोणताही कारखाना करू शकणार नाही. ते आपल्याच हातचे आहे, आणि महाडच्या त्या लुगड्यांप्रमाणे त्यासही पैसा पडत नाही.