संधिसाधू संसर्ग आणि प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार : पुणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राच्या हाती जी प्रभावी साधने आली, त्यांत शरीराची प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर कमी करणाऱ्या औषधांना महत्त्वाचे स्थान आहे. वरवर पाहता हे विधान विसंगत वाटते. प्रतिकारशक्ती वाढविणे हे आरोग्याचे लक्षण मानले जात असताना ती दडपण्याला उपचार कसे म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर स्वयंप्रतिकार रोगांच्या स्वरूपात आहे. आमवात, ल्युपस, सोरायसिस, क्रोन यांसारख्या विकारांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर चाल करते. ही चाल थोपवायची तर यंत्रणेलाच आवर घालावा लागतो. परंतु आवर घातलेली यंत्रणा बाहेरच्या शत्रूलाही पुरेसा प्रतिबंध करू शकत नाही, आणि एरवी निरुपद्रवी असलेले किंवा दडून बसलेले जंतू ही संधी साधतात. अशा आजारांना ‘संधिसाधू संसर्ग’ असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात या उपचारांचा आणि त्यांच्या सोबत आलेल्या संसर्गांचा इतिहास पुणे परिसराच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. संधिसाधू संसर्गाचे बीज औषधात नसते. ते रुग्णाच्या शरीरात, घरात आणि परिसरात आधीपासून असते, औषध त्याला केवळ वाट करून देते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यामुळे औषध कोठेही शोधले गेले तरी त्यासोबतची सावधगिरी मात्र स्थानिक परिस्थिती पाहूनच ठरवावी लागते.

संकल्पनेचा उदय

शरीर स्वतःवरच हल्ला करू शकते, ही कल्पना विज्ञानाला सहजासहजी मान्य झाली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिच यांनी शरीर स्वतःविरुद्ध विषारी प्रतिक्रिया टाळते असा सिद्धान्त मांडला होता, आणि त्याचा प्रभाव पुढे अनेक दशके टिकला. १९५६ मध्ये नोएल रोझ व अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून थायरॉइड ग्रंथीविरुद्धची स्वयंप्रतिक्रिया दाखवून दिली, तेव्हा या विचाराला निर्णायक कलाटणी मिळाली.

उपचार मात्र सिद्धान्ताच्या पुढे धावत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन दिले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. या शोधाबद्दल हेन्च, केन्डॉल व राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच सुमारास आंध्र प्रदेशात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लविरोधी औषधांवर काम झाले. त्यातून आलेले मेथोट्रेक्सेट हे पुढे आमवाताच्या उपचाराचे मुख्य औषध ठरले.

कॉर्टिझोनचे कौतुक ओसरण्यापूर्वीच त्याची दुसरी बाजू समोर आली. १९५० च्या दशकाच्या आरंभीच या औषधामुळे जुना, शांत झालेला क्षय पुन्हा उफाळून येतो अशा नोंदी होऊ लागल्या. आधी औषध येते आणि सावधगिरी नंतर, हा क्रम तेव्हापासून दिसतो आणि तो पुढे पुन्हापुन्हा आढळतो.

पुणे परिसराची पार्श्वभूमी

पुण्यात आधुनिक रुग्णसेवेचा पाया डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८६७ मध्ये सुरू झालेल्या ससून रुग्णालयाने घातला. १८७८ मधील वैद्यकीय शाळेतून १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे जगात कॉर्टिझोनचे युग सुरू होत असताना पुण्यात पदवीस्तरावरील वैद्यकीय शिक्षणाला नुकताच आरंभ झाला होता. या काळातील वैद्यकापुढील प्रमुख प्रश्न संसर्गजन्य रोगांचे, त्यांतही क्षयाचे होते.

त्या गरजेतूनच १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिनचे आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन सुरू झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या संस्थेचे आणखी एक कार्य उल्लेखनीय आहे. १९६० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका जीवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी प्रतिजैविक मिळविले. त्या जीवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असे पिंपरीचेच नाव देण्यात आले. अमेरिकेतही काही खोलवर पसरणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर या औषधाच्या चाचण्या झाल्या. अँफोटेरिसिन बी व नंतरच्या अॅझोल गटातील औषधांपुढे हॅमायसिन मागे पडले. तरीही बुरशीजन्य संसर्गावर औषध शोधण्याचा स्वतंत्र प्रयत्न या परिसरात सहा दशकांपूर्वी झाला होता, ही बाब २०२१ च्या घटनांच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

भिगवणचे सर्वेक्षण

स्वयंप्रतिकार रोग हे सुखवस्तू शहरी वर्गाचे आजार आहेत, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो तपासण्याची संधी पुणे जिल्ह्यातच मिळाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या संयुक्त उपक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत जवळपास १८ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांच्या तक्रारी आढळल्या. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले, म्हणजे ते पाश्चात्त्य देशांतील प्रमाणापासून फार दूर नव्हते.

हे निष्कर्ष संधिसाधू संसर्गाच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. आमवाताचा रुग्ण शेतात अनवाणी राबणारा, गुरांच्या सान्निध्यात राहणारा, दाटीच्या घरात झोपणारा असेल, तर प्रतिकारशक्ती दडपल्यानंतर त्याच्यापुढे उभे राहणारे धोके युरोप-अमेरिकेतील पाठ्यपुस्तकातल्या रुग्णापेक्षा वेगळे असतात. उदाहरणार्थ, मातीतून तळपायाच्या त्वचेवाटे शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस हा सूक्ष्म कृमी आतड्यात वर्षानुवर्षे त्रास न देता राहतो. परंतु स्टेरॉइड सुरू होताच तो अनियंत्रितपणे वाढून सर्व शरीरात पसरू शकतो.

याखेरीज, सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती दडपली जात असते, पण ते त्याला ठाऊक नसते आणि त्याच्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. त्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही.

जैविक औषधे आणि सुप्त क्षय

१९९८ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या औषधास क्रोन रोगासाठी, तर १९९९ मध्ये आमवातासाठी मान्यता मिळाली. दाह निर्माण करणाऱ्या ‘टीएनएफ’ या एकाच प्रथिनाला नेमके निष्प्रभ करणाऱ्या या औषधाने उपचाराची दिशा बदलली. मात्र टीएनएफचे कार्य दाहापुरते मर्यादित नसते. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरल्यावर शरीर त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते. बहुसंख्य व्यक्तींमध्ये जंतू या तटबंदीत आयुष्यभर अडकून राहतात, आणि ती टिकवून धरण्याचे काम टीएनएफ करीत असते. ते काढून घेतले की तटबंदी ढासळते.

२००१ मध्ये जोसेफ कीन व सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमधील क्षयाच्या ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता, तर ४० जणांमध्ये तो फुप्फुसाबाहेरचा होता. विशेष म्हणजे ७० पैकी ६४ रुग्ण क्षयाचे प्रमाण कमी असलेल्या देशांतील होते. जेथे क्षय दुर्मीळ आहे तेथे ही स्थिती, तर जेथे तो घरोघरी पोहोचलेला आहे तेथे काय, हा प्रश्न भारतीय वैद्यकापुढे अपरिहार्यपणे उभा राहिला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के व्यक्तींमध्ये क्षयसंसर्ग असल्याचे दिसून आले. म्हणजे जैविक औषध सुरू करावयाच्या दर तीन रुग्णांमागे साधारणतः एकाच्या शरीरात क्षयाचे जंतू दडलेले असण्याचा संभव आहे.

यावरचा उपाय तत्त्वतः सोपा आहे : आधी तपासणी, संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषधे आणि त्यानंतर मूळ रोगाचा उपचार. व्यवहारात अडचण येते ती तपासणीची. १९०८ पासून वापरात असलेली माँटू चाचणी जन्मतः दिलेल्या बीसीजी लशीमुळेही सकारात्मक येऊ शकते. उलटपक्षी, रुग्ण आधीच स्टेरॉइड घेत असेल तर संसर्ग असूनही ती नकारात्मक येऊ शकते. रक्तावरील चाचणी बीसीजीमुळे फसत नाही, परंतु तिचा खर्च सर्वांना पेलत नाही. या संदर्भात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सी-वाय टीबी’ ही त्वचाचाचणी महत्त्वाची ठरते. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या आणि बीसीजीमुळे न फसणाऱ्या या चाचणीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तत्पूर्वी २०२१ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफविरोधी व अन्य प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार घेणाऱ्यांचा प्रतिबंधक उपचारासाठी समावेश करण्यात आला होता. कीन यांच्या लेखापासून या धोरणापर्यंत वीस वर्षांचे अंतर आहे.

२०२१ : काळी बुरशी

आतापर्यंतचे विवेचन स्वयंप्रतिकार रोगांच्या रुग्णांपुरते होते. २०२१ मध्ये हाच प्रश्न कोविडच्या निमित्ताने सर्वसामान्य समाजापुढे आला. महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांचे प्राण वाचविते, असे दाखवून दिले. त्याची मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, अशी होती. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत या मर्यादा अनेक ठिकाणी पाळल्या गेल्या नाहीत. गंभीर रुग्णांना दिले जाणारे टॉसिलिझुमॅब हे तर मूळचे आमवातावरचेच औषध होते.

म्युकरमायकोसिस हा आजार नवा नव्हता. १८८५ मध्येच पाल्टाउफ यांनी त्याचे वर्णन केले होते. त्याच्या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत व सडक्या पाल्यात सर्वत्र असतात. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड हे त्याला अनुकूल घटक आहेत, हेही सर्वज्ञात होते. देशातील १६ केंद्रांत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात झालेल्या अभ्यासात कोविडशी निगडित १८७ रुग्ण आढळले आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर हा त्यातील स्वतंत्र धोक्याचा घटक ठरला. म्हणजे दुसऱ्या लाटेपूर्वीच इशाऱ्याची सामग्री हाती येत होती. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली आणण्यास सांगितले. प्लेगच्या साथीत झालेल्या या कायद्याची पुण्याला निराळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांचा समावेश केला. अँफोटेरिसिन बी चा तुटवडा इतका तीव्र झाला की वर्धा येथे त्याचे तातडीने उत्पादन सुरू करण्यात आले. नोव्हेंबर २०२१ अखेर देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या ५१ हजारांवर गेली होती. अनेकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला, अनेकांचे प्राण गेले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. या घटनेवरून स्टेरॉइड वाईट असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच औषधाने असंख्य रुग्ण वाचले. ल्युपसच्या रुग्णाने भीतीपोटी स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास रोग उफाळू शकतो. शिवाय दीर्घ उपचारामुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असल्याने जिवावरही बेतू शकते. दोष औषधाचा नव्हता. मात्रा, मुदत आणि रक्तशर्करेवरील देखरेख यांचे भान सुटण्याचा होता.

निष्कर्ष

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कॉर्टिझोन, जैविक औषधे आणि कोविडकाळातील स्टेरॉइड या तिन्ही टप्प्यांवर सावधगिरी औषधाच्या मागाहून आली. पहिल्या दोन वेळी ज्ञानच अपुरे होते. तिसऱ्या वेळी ज्ञान उपलब्ध होते, ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले नाही. दुसरी, प्रत्येक टप्प्यावर प्रकट झालेला जंतू त्या समाजाच्या राहणीचा निदर्शक होता. दाट वस्तीतील क्षय, अनवाणी पायांतून शिरणारा कृमी आणि मधुमेही समाजातील काळी बुरशी हे भारतीय परिस्थितीचेच आविष्कार आहेत. तिसरी, या परिसरात पाहणी, औषधसंशोधन आणि निदानचाचणी या तिन्ही क्षेत्रांतील क्षमता वेगवेगळ्या काळी सिद्ध झालेली आहे. उणीव आहे ती त्यांची सांगड घालण्याची.

आमवाताच्या रुग्णाला पहिली गोळी लिहून देताना ‘घरात कोणाला क्षय झाला होता का?’, ‘साखर तपासली आहे का?’, ‘शेतात अनवाणी काम करता का?’ हे तीन प्रश्न विचारण्यास फारसा खर्च येत नाही. जागा निर्जंतुक करता येत नाही, माती बदलता येत नाही. पण रुग्ण कोणत्या मातीतून आला आहे हे विचारता येते. गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाने पुण्याच्या वैद्यकाला आणि रुग्णालाही दिलेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित धडा आहे.