छातीवर कुणाचं नाव?

पैलवानाच्या लंगोटावर जाहिरात लिहायला जागाच नसते. आमच्या सांगवीच्या आसपास जत्रेच्या आखाड्यात इनाम देणाऱ्याचं नाव लाऊडस्पीकरवरून पुकारतात. पैलवानाच्या अंगावर फक्त माती. कबड्डी खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांचं तसं नाही. त्यांच्या टी-शर्टवर पुढे संघाचं नाव आणि पाठीवर ‘सौजन्य’ म्हणून एखादं दुकान असतं. मी कविता लिहिणारा माणूस, शब्द दिसला की वाचतो. त्या पाठी वाचताना एक जुनी गोष्ट आठवते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेला हा गडी मॅटवर नवखा, तरी सहावा आला. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न. लोकांनी वर्गणी काढली. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या घराचं नाव कुणाच्या छातीवर छापलेलं नव्हतं.

आता अमेरिकेतलं एक कॉलेज पाहा. 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने अंडर आर्मर कंपनीशी खेळाडूंच्या कपड्या-बुटांसाठी 15 वर्षांचा, 28 कोटी डॉलरचा करार केला. चारच वर्षांत, 2020 मध्ये, कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. नफ्यासाठी आलेला पैसा नफा आटला की जातो. त्यात कंपनीचा गुन्हा नाही. तो तिचा धर्मच आहे.

म्हणून प्रायोजक वाईट, असं मी म्हणणार नाही. खाशाबांच्या वेळी एखादी कंपनी पुढे आली असती, तर प्राचार्यांचं घर गहाण पडलं नसतं. माझा मुद्दा पैसा कधी येतो, एवढाच आहे. जिंकलेल्याच्या मागे सगळेच धावतात. हॉकीत 2018 साली ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं, तेव्हा पुरुष संघाच्या गाठीला 1980 नंतरचं एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. 2021 मध्ये टोकियोत कांस्यपदक आलं, 41 वर्षांनी.

टोकियोची आणखी एक गोष्ट. स्पर्धेच्या तोंडावर भारतीय ऑलिंपिक संघटनेने ली-निंग या चिनी कंपनीला वगळलं आणि आपले खेळाडू कुठल्याही ब्रँडविना, केवळ देशाच्या नावाचे कपडे घालून गेले. ऑलिंपिकच्या मैदानात प्रायोजकाच्या जाहिरातीला तशीही मनाई असते. म्हणजे ज्यांनी पदकासाठी पैसा ओतला, त्यांचं नाव त्या क्षणी छातीवर नव्हतंच.

आपल्याकडच्या कारखानदारांना, दूध संघांना, व्यापाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : पोरांच्या पाठीवर नाव जरूर छापा, पण ते अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी नको. सराव सुरू होतो तेव्हा या. तेव्हा बूट लागतात, मॅट लागते, तालुक्याला जायला एसटीचं भाडं लागतं. हरलेल्या संघाच्या पाठीवरही तुमचं नाव शोभून दिसेल.