तांबड्या चेंडूपासून पळसाच्या फुलापर्यंत

आकाश निळे, पान हिरवे, रक्त लाल ही समीकरणे आपल्या मनात इतकी घट्ट बसलेली असतात, की ती कधी काळी शिकावी लागली होती याचाही आपल्याला विसर पडतो. लहान मुलांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना मात्र ठाऊक असते, की कुत्रा, भाकरी, चेंडू हे शब्द सहज उचलणारे मूल रंगाच्या नावापाशी हमखास अडखळते. चार्ल्स डार्विनलाही हा अनुभव आला होता. नेहमीच्या वस्तूंची नावे सांगणारी आपली मुले रंगीत चित्रांतील रंगांना योग्य नाव देऊ शकत नाहीत, पुन्हा पुन्हा शिकवूनही चुकतात, हे पाहून ती रंगांध असावीत अशी शंका आपल्याला आली आणि पुढे ती निराधार ठरली, असे त्याने १८७७ साली नोंदवले आहे.

या नोंदीला एक वाङ्मयीन पार्श्वभूमी आहे. ग्लॅडस्टन या इंग्रज मुत्सद्द्याने १८५८ साली होमरवरील आपल्या ग्रंथात असे दाखवले होते, की होमरच्या महाकाव्यांत रंगवाचक शब्द थोडे आणि विचित्र आहेत. समुद्राला तेथे मद्याची उपमा मिळते, निळ्याची नाही. त्यावरून प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित होती की काय, असा वाद युरोपात रंगला. डार्विनचे टिपण त्याच वादाच्या निमित्ताने लिहिले गेले. त्याच्या मुलांनी नकळत त्या वादाचे उत्तर दिले होते. दिसणे वेगळे, दिसलेल्याला नाव देणे वेगळे. अवघ्या काही महिन्यांचे अर्भकही रंगांतला फरक ओळखते. पण तांबडेपणा हा चेंडूपासून वेगळा काढून, तोच विटेत आणि कुंकवात पुन्हा ओळखणे ही बुद्धीची मोठी उडी असते. रंग हा गुण आहे. चेंडू उचलून हातात देता येतो, तांबडेपणा देता येत नाही. बालशिक्षणाचा रंगांविषयीचा सारा इतिहास म्हणजे, जे हातात देता येत नाही ते मुलाच्या हातात कसे द्यावे, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत.

पहिले ठळक उत्तर फ्रेडरिक फ्रोबेलचे. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांसाठी त्याने खेळवस्तूंची जी मालिका रचली तिला तो ‘देणग्या’ म्हणे. त्यांतील पहिली देणगी म्हणजे लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. चेंडू दोरीला बांधलेले असत. आई तो झुलवी, लपवी, पुन्हा दाखवी आणि सोबत गाणे म्हणे. येथे रंगाचा पाठ असा नव्हताच. आकार, गती, रंग आणि आईचा आवाज हे सारे एकाच अनुभवात गुंफलेले होते. फ्रोबेल वृत्तीने गूढवादी. चेंडूत त्याला विश्वाच्या एकत्वाचे प्रतीक दिसे. त्याचे तत्त्वज्ञान आज कुणी वाचत नसले तरी खेळ हाच बालवयातील गंभीर व्यवसाय आहे, ही त्याची श्रद्धा टिकली. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. पण चेंडू जगभर गेले.

दुसरे उत्तर अगदी वेगळ्या वृत्तीचे आहे. मारिया मॉन्टेसोरी पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिले बालगृह उघडले. रंगांसाठी तिने रेशमी धागा गुंडाळलेल्या पट्ट्या केल्या. आठ रंग, प्रत्येकाच्या गडद ते फिक्या आठ छटा, अशा एका संचात चौसष्ट पट्ट्या. सगळ्यांचा आकार तोच, वजन तेच, स्पर्श तोच. भेद फक्त रंगाचा. फ्रोबेलने जे एकत्र गुंफले होते ते मॉन्टेसोरीने जाणीवपूर्वक उसवले. प्रथम मूल तांबडी, निळी, पिवळी अशा जोड्या जुळवते. मग सेग्वँ या फ्रेंच डॉक्टरकडून घेतलेला तीन टप्प्यांचा पाठ येतो: हा तांबडा, हा निळा, मला तांबडा दे, हा कोणता? मूल चुकले तर त्याला टोकायचे नाही, पाठ तेथेच थांबवायचा. पुढे एक सुंदर खेळ आहे. मुलाने एक रंग नीट पाहायचा, पट्टी तेथेच ठेवायची आणि दूरच्या टेबलावरच्या ढिगातून नेमकी तीच छटा निवडून आणायची. रंग डोळ्यांत साठवून चालत जाणारे ते मूल स्मृतीचा व्यायाम करीत असते.

मॉन्टेसोरी मात्र याला खेळ म्हणायला नाखूश असे. तिच्या लेखी ते मुलाचे ‘काम’ होते. खेळ आणि काम यांतला हा वाद शब्दांचा वाटला तरी तसा नाही. फ्रोबेलकडे वस्तूला कल्पनेचे पंख आहेत, चेंडू कधी मांजर होतो तर कधी पक्षी. मॉन्टेसोरीकडे तांबडी पट्टी ही तांबडी पट्टीच राहते.

हे दोन्ही प्रवाह आपल्याकडे आले ते गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसोरी स्वतः भारतात येण्यापूर्वीची ही तेरा वर्षे. ती अड्यारला आली १९३९ मध्ये. भावनगरात मॉन्टेसोरीच्या साधनांसोबत गाणी, गोष्टी, नाट्य यांनाही मानाचे स्थान होते. म्हणजे रोममध्ये जे उसवले गेले होते ते भावनगरात पुन्हा सैलसर टाके घालून जोडले गेले.

खरी कसोटी लागली ती खेड्यात. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले; अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. भोवती वारली वस्ती, कमालीचे दारिद्र्य. रेशमी पट्ट्यांचा संच तेथे परवडणारा नव्हता आणि मुले शाळेत येणारीही नव्हती. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. ती कुरणशाळा. साधने म्हणून पाने, फुले, बिया, शंखशिंपले आणि माती वापरात आली. ‘वाडी’ म्हणजे वस्ती आणि ‘वाडी’ म्हणजे चिकूची, नारळाची बागही; फ्रोबेलच्या ‘मुलांच्या बागे’ला मराठीने दिलेले हे रूप मूळ शब्दाहून अधिक सार्थ म्हणावे लागेल.

हा केवळ काटकसरीचा उपाय होता असे मानणे चूक ठरेल. रंगांच्या शिक्षणापुरते पाहिले तर त्यामागे एक गंभीर शैक्षणिक विधान दडलेले आहे. पानाला एकच हिरवा नसतो. कोवळे पान पोपटी, जून पान गर्द, वाळके पान तपकिरी. मॉन्टेसोरीच्या गडद ते फिक्या छटा एका झाडाखाली पसरलेल्या असतात. पळसाचे फूल, गुंजेची बी, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र, यांतून वारली मुलाला रंगांची ओळख आधीच झालेली असते. शिक्षिकेचे काम त्या ओळखीला नाव देण्याचे.

नावाचा प्रश्न आला की भाषा आलीच. बर्लिन आणि के यांनी १९६९ साली जगातील भाषांच्या मूळ रंगशब्दांचा अभ्यास मांडला. वस्तूवरून आलेला शब्द मूळ रंगशब्द मानावा की नाही याबद्दल ते साशंक होते. मराठीत मात्र असे शब्द हीच तर श्रीमंती! जांभळा जांभळातून आला, नारिंगी नारिंगातून, गुलाबी गुलाबातून, राखाडी राखेतून, तपकिरी तपकिरीतून. आमसुली, अबोली, पोपटी, शेवाळी, डाळिंबी, मोरपंखी यांची तर फोडही करावी लागत नाही. ‘तांबडा’च्या पोटात तांबे आहे. शिवाय रंगाची तीव्रता सांगणारे जोडशब्द पाहा: लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. ‘काळाभोर’ आणि ‘काळाकुट्ट’ यांत छटेचा भेद नाही, भावनेचा आहे. बालकाला रंग शिकवणारी मराठी त्याला त्याच वेळी साहित्याची पहिली दीक्षा देत असते.

व्याकरणाचाही हात आहे. पिवळा झगा, पिवळी साडी, पिवळे फूल असे लिंगानुसार रूप बदलते. गुलाबी, केशरी, लाल मात्र अचल राहतात. रंगशब्द वाक्यात कोठे येतो यालाही महत्त्व आहे. मायकेल रॅमस्कार आणि सहकाऱ्यांनी २०१० साली इंग्रजीभाषक लहानग्यांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की रंगाचे नाव वस्तूच्या नावानंतर आले तर मुलांना ते अधिक चांगले उमगते. ‘पिवळे फूल बघ’ यापेक्षा ‘फूल बघ, पिवळे आहे’ हे बरे. मूल आधी वस्तू शोधते आणि मग तिच्या गुणाकडे वळते.

आज ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रुळला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो सर्वदूर नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून शिकण्याला मान्यता दिली, आणि २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाधनांची पेटीही आली. पण शहरांतल्या कितीतरी घरांत आणि शिशुवर्गांत मराठी मूल रंग शिकते ते रेड, ब्लू, पर्पल असे. परकी नावे शिकण्यात गैर काहीच नाही; ‘लाल’सुद्धा फारसीकडून आलेला पाहुणाच आहे. चिंता निराळी आहे. ‘पर्पल’ म्हणणाऱ्या मुलाला एक नाव मिळते. ‘जांभळा’ म्हणणाऱ्याला नावासोबत एक फळ, जिभेवरचा तुरटपणा आणि जून महिना मिळतो. ज्याने जांभूळ कधी पाहिलेच नाही त्याच्यासाठी मात्र ‘जांभळा’ही ‘पर्पल’इतकाच पोरका शब्द होईल. म्हणजे शब्द वाचवायचा तर जांभळाचे झाड मुलाच्या खेळात यायला हवे, शब्दकोशात असून भागत नाही.

मॉन्टेसोरीची पट्टी येथे निरुपयोगी ठरते असे नाही. जांभळेपणा फळातून सुटून साडीत, शाईत, सांजेच्या ढगात ओळखता आला पाहिजे, आणि त्यासाठी केव्हातरी रंग वस्तूपासून वेगळा पाहावाच लागतो. प्रश्न क्रमाचा आहे. आधी झाड, मग पट्टी. कोसबादच्या टेकडीवर गरिबीने जो क्रम लादला तोच बालमनाचा स्वाभाविक क्रम होता, हे ताराबाई आणि अनुताई यांच्या कामाकडे पाहताना ध्यानात येते. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी बालवाडीला आपल्या विषयाबाहेरची गोष्ट मानू नये, असे म्हणायचे ते याचसाठी. वरच्या वर्गात कवितेतला ‘घननीळ’ समजावताना आपण जी धडपड करतो, तिचे यशापयश पुष्कळदा त्या पहिल्या पानाफुलांच्या खेळात ठरून गेलेले असते.