चालत्या यंत्राचे बिऱ्हाड : मालवणच्या सातबाऱ्यामागचा एक अपरिचित इतिहास

१/
मालवणच्या एखाद्या वाडीतल्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा आज डोंबिवलीतला चाकरमानी मध्यरात्रीही मोबाइलवर उतरवून घेऊ शकतो. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सिंधुदुर्गात एकेका जमिनीवर अनेक हिस्सेदारांची नावे असतात. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाच्या हक्काचा मोठा आधार म्हणजे ही नोंद. तिच्यासाठी पूर्वी तलाठ्याची सजा किंवा तहसील कचेरी गाठावी लागे. आता ती तालुक्याबाहेरच्या माहिती केंद्रात असते.

२/
मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा विजेचे खांब कोसळले आणि वीज व दूरसंचार खंडित झाला. एकाच इमारतीतल्या एकाच संगणकावर ठेवलेली नोंद अशा वेळी त्या इमारतीच्या नशिबाशी बांधलेली असते. हा संबंध कसा तोडता येईल? चालू असलेला संगणक, काम न थांबवता, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येईल का? या प्रश्नाच्या उत्तराला सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

३/
आरंभ अमेरिकेतील केंब्रिजमध्ये झाला. आयबीएमने १९६४ साली तेथे एक वैज्ञानिक केंद्र उभारले. एकच महागडा संगणक अनेकांना असा वापरता यावा, की प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच वाटावा, हा रॉबर्ट क्रीझी व सहकाऱ्यांचा हेतू होता. त्यांची ‘सीपी-४०’ ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये प्रत्यक्ष वापरात आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ जाहीर केली. ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र ही कल्पना येथून रूढ झाली. खऱ्या यंत्राला पुढे ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि त्यावरील आभासी यंत्राला ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा म्हणू लागले.

४/
चालते काम दुसरीकडे हलवण्याचे पहिले प्रयोग मात्र संपूर्ण यंत्रावर न होता एकेका प्रोग्रामवर झाले. १९८३ साली पॉवेल आणि मिलर यांनी बर्कली येथील ‘डेमॉस/एमपी’ प्रणालीतला असा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोग्राम नव्या संगणकावर जाई, पण जुन्या संगणकावर त्याचा पुढचा पत्ता ठेवावा लागे आणि जुन्या पत्त्यावर आलेले संदेश तेथून पुढे पाठवले जात. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या चाकरमान्याची पत्रे गावच्या घरी यावीत आणि घरच्यांनी ती परळला धाडावीत, तसा हा प्रकार होता. गावचे घर बंद पडले की पत्रही हरवणार. संशोधकांनी या दुखण्याला ‘अवशिष्ट अवलंबन’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढचा सारा इतिहास याच दुखण्याभोवती फिरतो.

५/
१९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘व्ही’ प्रणालीवर काम करणाऱ्या थाइमर, लँट्झ आणि चेरिटन यांनी महत्त्वाची युक्ती मांडली. काम थांबवून सर्व मेमरी हलवण्याऐवजी काम चालू ठेवूनच तिची नक्कल पाठवायची. तेवढ्या वेळात जी पाने बदलली, तीच पुन्हा पाठवायची. शेवटी उरलेल्या थोड्याशा पानांपुरते काम थांबवायचे. घर बदलताना आधी अडगळ, मग भांडी आणि शेवटी पेटती चूल न्यावी, तसा हा क्रम आहे.

६/
ही युक्ती संपूर्ण आभासी यंत्राला लागू होण्यास आणखी दोन दशके गेली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी आभासीकरणासाठी प्रोसेसरमध्ये कोणते गुण हवेत, याचे नियम मांडले होते. घरोघरी पोहोचलेला इंटेलचा प्रोसेसर त्यांत बसत नव्हता. पेंटियममधील १७ आज्ञा या नियमांचा भंग करतात, असे २००० सालच्या एका अभ्यासाने दाखवले. तत्पूर्वीच, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालू असतानाच बदलून हा अडथळा ओलांडला होता. २००३ मध्ये तिचे ‘व्हीमोशन’ आले आणि चालते यंत्र हलवणे बाजारात उपलब्ध झाले.

७/
२००५ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ‘झेन’ या प्रणालीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एका खेळाचा सर्व्हर, खेळाडू खेळत असतानाच, दुसऱ्या यंत्रावर नेला. प्रत्यक्ष खंड होता सुमारे ६० मिलिसेकंदांचा, म्हणजे पापणी लवण्याहूनही कमी. स्थलांतर होताच नवा यजमान जाळ्यावर घोषणा करी, की या पत्त्याचा रहिवासी आता येथे आहे. त्यामुळे जुन्या जागी पत्रे पोहोचवणारा कोणी ठेवण्याची गरज उरली नाही. डिस्क मात्र दोन्ही यजमानांना सामाईक असावी लागे.

८/
मग प्रत्यक्षात ही स्थलांतरे का अडतात? पहिले कारण वेगाचे. पाहुणा ज्या गतीने पाने बदलतो, ती जाळ्याच्या गतीहून अधिक असेल तर पाठवणे कधीच संपत नाही. गळक्या होडीतले पाणी उपसावे आणि तितकेच आत यावे, अशी स्थिती होते. उपाय तीन : जाळे वेगवान करणे, पाहुण्याचा वेग तात्पुरता कमी करणे, किंवा त्याला आधी हलवून उरलेली पाने मागाहून मागवणे. तिसऱ्या मार्गात जाळे मध्येच तुटले तर पाहुण्याचे अर्धे अंग जुन्या जागी राहते. जुने अवलंबन थोड्या वेळापुरते का होईना, परत येते.

९/
दुसरे कारण प्रोसेसरचे. पाहुण्याने सुरू होताना यजमानाच्या प्रोसेसरची वैशिष्ट्ये वाचलेली असतात आणि पुढे तो त्यांच्या भरवशावर चालतो. नवा यजमान जुन्या पिढीचा असेल, तर पाहुणा नसलेली आज्ञा वापरायला जातो आणि कोसळतो. म्हणून जाणते व्यवस्थापक सर्व यजमानांना समान असलेली वैशिष्ट्येच पाहुण्याला दाखवतात. त्यासाठी थोडी क्षमता सोडावी लागते. फिरण्याच्या मोकळीकीची ती किंमत असते.

१०/
तिसरे कारण ड्रायव्हरचे, आणि ते समजण्यास मालवणचा समुद्र उपयोगी पडतो. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे आणि भोवतालचे पाणी खडकांनी भरलेले आहे. परक्या जहाजाला येथे वाट माहीत असलेला तांडेल लागतो. पण त्याचे ज्ञान या खडकांपुरतेच. दुसऱ्या बंदरात तो कितपत कामाचा? ड्रायव्हरही असाच. विशिष्ट उपकरणाशी कसे बोलायचे, हे ज्ञान तो पाहुण्याच्या आत बाळगतो.

११/
आरंभी यजमान जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या उपकरणांचे सोंग घेई. पाहुण्याला नवा ड्रायव्हर लागत नसे, पण काम संथ चाले. मग पाहुण्याला तो पाहुणा असल्याचे सांगून टाकण्याचा मार्ग निघाला. गती वाढली, तरी प्रत्येक यजमानाची बोली निराळी राहिली. लिनक्समध्ये २००७ साली केव्हीएम समाविष्ट झाले. २००८ मध्ये रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टिओ’ मांडले, तेव्हा अनेक बंदरांना चालेल अशी एक खूणभाषा मिळाली.

१२/
तरी ती भाषा पाहुण्याला येत असली पाहिजे. विंडोजमध्ये व्हर्टिओचे ड्रायव्हर मुळातून नसतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चालणारे विंडोज थेट व्हर्टिओ डिस्कवर नेले, की सुरू होतानाच निळा पडदा येतो. माहिती शाबूत असते, पण तिच्यापर्यंतची वाट ठाऊक नसते. रूढ उपाय असा : मुख्य डिस्क जुन्याच पद्धतीने ठेवावी, व्हर्टिओची एक लहान रिकामी डिस्क सोबत जोडावी, यंत्र सुरू करून ड्रायव्हर बसवावा आणि मगच मुख्य डिस्क बदलावी. नव्या बंदरातला तांडेल जहाज निघण्यापूर्वीच वर घ्यावा, असा हा साधा धडा आहे.

१३/
सर्वात कठीण प्रसंग पाहुण्याला खरे उपकरण थेट जोडून दिल्यावर येतो. गती उत्तम मिळते. पण त्या कार्डाच्या पोटात काय चालले आहे, हे यजमानाला सहसा वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते हलवताही येत नाही. म्हणून अशा यंत्राचे स्थलांतर बहुधा नाकारले जाते. ते करायचेच असेल तर आधी कार्ड सोडवायचे, तेवढा वेळ आभासी कार्डावर काम चालवायचे आणि पोहोचल्यावर नवे कार्ड जोडायचे.

१४/
या साऱ्या अडचणींचे मूळ एकच आहे. १९८३ मध्ये ते मागे ठेवलेल्या पत्त्याच्या रूपात होते. आज ते प्रोसेसरच्या वैशिष्ट्यात, ड्रायव्हरात आणि थेट जोडलेल्या कार्डात आहे. जुन्या जागेशी जितकी अधिक जवळीक, तितकी गती अधिक आणि निघणे तितकेच अवघड. स्थलांतर फसले, तर व्यवस्थापकाने प्रथम हेच शोधावे, की पाहुण्याचा कोणता धागा अजून जुन्या यजमानात अडकला आहे.

१५/
कोकणातून मुंबईला गेलेल्या पिढ्यांना असा धागा परिचित आहे. बिऱ्हाड हलले, पण नाव गावच्या सातबाऱ्यावर राहिले आणि गणेशचतुर्थीला पावले परत वळली. माणसाच्या बाबतीत हा धागा म्हणजे हक्क आणि ओढ. यंत्राच्या बाबतीत तोच दोष ठरतो. आणि माणसाचा तो धागा टिकावा, म्हणूनच त्याची नोंद सांभाळणाऱ्या यंत्राला कोणत्याही एका जागेचे बंधन नसावे लागते.