देवळाच्या गायनशाळेतून निघालेला एक गुरू



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी देवळाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखणी सहजच पायाभरणीकडे, देणगीदारांकडे व धर्मगुरूंच्या नामावळीकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या शिकवणुकीमुळे रविवारच्या मिस्सेत आपल्या मुखी सूर उमटतात, त्यांची नोंद कोणत्या वहीत होते? मठातील एखादी सिस्टर, गावातील एखादा वृद्ध व्हायोलिनवादक मुलांना हाताशी धरून सूर शिकवितो. मुले थोर होतात आणि शिकविणारा विस्मृतीत जातो. अशा विस्मृतीतून केवळ एका शिष्याच्या कृतज्ञतेने वर आलेल्या गुरूची ही हकीकत आहे.

गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत देवळालगत शाळा असे. अक्षरओळखीबरोबर तेथे स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणाऱ्यास लोक ‘मेस्त’ म्हणत. मेस्तांचा हेतू एवढाच, की लॅटिन मिस्सेत गायकवर्ग बेसूर होऊ नये. परंतु या शिक्षणाचे फळ अनपेक्षित आले. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीय तरुणांस कागदावरील स्वर वाचता येत, आणि या एका विद्येवर त्यांना बँडमध्ये, हॉटेलांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम मिळाले.

याच परंपरेत अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म 1927 साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील देवळातील गायकवर्गाचे प्रमुख. तेच पहिले गुरू. 1943 साली कोवळ्या वयात अँथनी मुंबईस आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

तेथील कामाची रीत वाचकांनी ध्यानात घ्यावी. संगीतकार चाल गुणगुणे. पण ती पन्नास वादकांनी एकदम कशी वाजवावी? कोठे व्हायोलिनांनी पुढे यावे, कोठे ट्रम्पेटने उत्तर द्यावे, हे ठरवून प्रत्येकाचा भाग स्वतंत्र कागदावर लिहावा लागे. हे संयोजकाचे काम. गीत गावोगाव गाजे; संयोजकाचे नाव मात्र पडद्यावर क्वचितच येई. अँथनी यांनी वादनाबरोबर हे कामही केले.

त्यांचे मन मात्र एवढ्यावर तृप्त नव्हते. हिंदी राग म्हणजे एका सुरावटीचा विस्तार. पाश्चात्त्य संगीतात अनेक सुरावटी एकाच वेळी चालतात. या दोन विद्यांचा संगम व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. सारंगासारख्या रागांवर त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना केल्या. 1958 साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या पटांगणात आपल्या रचना सादर केल्या. त्या समयी लता मंगेशकर व मन्ना डे गावयास उभे राहिले, यावरून त्यांची योग्यता कळते.

तथापि त्यांचे खरे कार्य घरीच चालले होते. त्यांजकडे व्हायोलिन शिकावयास येणाऱ्यांत प्यारेलाल शर्मा हा बालक होता, आणि राहुल देव बर्मन हेही होते. दोघेही पुढे ख्यातनाम संगीतकार झाले. शिष्य कोणत्या धर्माचा, हा प्रश्न गुरूने केला नाही. देवळात मिळालेली विद्या त्यांनी सर्वांस मुक्तहस्ते वाटली.

1965 च्या सुमारास अँथनी अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परत आल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा न शिरता ते माजोर्ड्यास निवांत राहिले. मुंबई त्यांना विसरू लागली होती. इतक्यात 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील एका विनोदी गीतात नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे सांगतो. प्यारेलालांनी गुरूस वाहिलेली ती दक्षिणा होती. सारा देश ते नाव गाऊ लागला; पण अशा नावाचा मनुष्य खरोखर आहे, हे किती थोड्यांस ठाऊक होते! 18 जानेवारी 2012 रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

सद्भक्तहो, गुरूचे नाव गाजविणारा प्यारेलाल प्रत्येकास लाभत नाही. माजोर्ड्याच्या त्या पित्यास शिकविणाऱ्याचे नाव आज कोण जाणतो? म्हणून खाडीकाठच्या आपल्या काल्हेरात एवढे तरी करू या : ज्यांनी आपणांस पहिले प्रार्थनागीत शिकविले, त्यांचे नाव घरातील वृद्धांस विचारून या ज्युबिलीच्या वर्षी लिहून ठेवू या, आणि घरातील एका तरी बालकास गायकवर्गात धाडू या. पेरणाऱ्यास पीक दिसेलच असे नाही. तरी पेरणी थांबता कामा नये.